उरलेला डोंगर

नान्युकी हे केनियातले विषुववृत्तावरचे शहर. तिथे पहाटे खोलीबाहेर आलो, तर आग्नेयेला काळेभोर सुळके आणि त्यांच्या कुशीत बर्फाची पांढरी रेघ. दहा वाजायच्या आत ढग आले आणि सारे झाकले गेले. १८४९ मध्ये योहान क्राफ या जर्मन मिशनऱ्याने इथे बर्फ पाहिल्याचे सांगितले, तेव्हा युरोपातल्या विद्वानांनी त्याला वेड्यात काढले होते.

माउंट केनियाची उंची ५,१९९ मीटर. माझी नोकरी बँकेतली. शिल्लक दिसली की मूळ रक्कम किती, हे विचारायची खोड अजून जात नाही. सुमारे ३० लाख वर्षांपूर्वी हा ज्वालामुखी धगधगत होता. लाव्हा आणि राख यांचे थरांवर थर चढले आणि शंकूसारखा पर्वत उभा राहिला. तो ६,००० मीटरांहून उंच असावा, असा भूशास्त्रज्ञांचा अंदाज. मग आग विझली, हिमयुगे आली आणि हिमनद्यांनी वरचा शंकू खरवडून नेला. ज्वालामुखीच्या नळीत थिजलेला कठीण खडक तेवढा त्यांना पुरून उरला. बाटियन आणि नेलियन ही जोडशिखरे म्हणजे तोच खडक. आपण ज्याला माथा म्हणतो, तो खरे तर पर्वताचा गाभा आहे!

आपला सह्याद्रीही लाव्ह्याचाच. पण त्याला कोरले पावसाने आणि नद्यांनी, म्हणून त्याच्या दऱ्या तळाशी निमुळत्या. इथली टेलेकी दरी पन्हळीसारखी, गोल तळाची. ती बर्फाच्या हातची.

तो हातच आता थकला आहे. १८९९ मध्ये हॅलफर्ड मॅकिंडर बाटियनवर पोचले, त्या सुमारास इथे १८ हिमनद्या होत्या. त्यांतल्या कित्येक आज नाहीत. सर्वांत मोठ्या लुईस हिमनदीचा १९३४ ते २०१० या काळात ९० टक्के बर्फ गेला. पायथ्याच्या नद्यांना पाणी मुख्यतः पाऊस आणि जंगल पुरवतात. त्या आटणार नाहीत. मग हळहळ कशाची?

किकुयू लोकांच्या श्रद्धेने इथे न्गाई देवाचा वास आहे. देशानेही नाव याच पर्वताचे घेतले. लाखो वर्षे ज्याने हा पर्वत घडवला, तो बर्फ माणसाच्या एका हयातीत सरत आला. क्राफला खोटे ठरवणे त्या विद्वानांना जमले नाही. ते आपण करून दाखवतो आहोत.