सदनिकांच्या किमती : आकडे कसे वाचावेत ?

देशातील प्रमुख शहरांत सदनिकांचे भाव अमुक टक्क्यांनी वाढले, अशा वार्ता दर तिमाहीस प्रसिद्ध होत असतात. त्या वाचून अनेक कुटुंबे आयुष्यातील सर्वांत मोठ्या खर्चाचा निर्णय घेतात. एखादा शिक्षक निवृत्तीनंतर हाती आलेला भविष्य निर्वाह निधी सदनिकेत गुंतवितो, तर शहरालगतच्या गावातील शेतकरी याच भावांकडे पाहून जमिनीचा सौदा ठरवितो. आकड्याचा अर्थ चुकीचा लावला गेल्यास त्याची किंमत वीस-वीस वर्षे मोजावी लागते. म्हणूनच हे आकडे कसे तयार होतात आणि ते काय सांगतात, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

सरासरी आणि निर्देशांक

सर्वप्रथम सरासरी किंमत आणि किंमत निर्देशांक यांतील भेद ध्यानात घ्यावयास हवा. एका शहरात एका तिमाहीत १०० सदनिका विकल्या गेल्या, असे समजू. त्यांपैकी ६० लहान सदनिका प्रत्येकी ३० लाखांच्या व ४० मोठ्या सदनिका प्रत्येकी ८० लाखांच्या होत्या. सरासरी किंमत ५० लाख रुपये झाली. पुढील तिमाहीत भाव तेच राहिले, मात्र लहान ४० आणि मोठ्या ६० विकल्या गेल्या. आता सरासरी ६० लाख रुपये येते. वीस टक्के वाढ दिसते. प्रत्यक्षात एकाही सदनिकेचा भाव रुपयानेही वाढलेला नाही. बदलले आहे ते केवळ विक्रीचे प्रमाण.

हा दोष टाळण्यासाठी निर्देशांकात सदनिकांचे आकारमानानुसार गट पाडले जातात व प्रत्येक गटाला ठराविक भार दिला जातो. राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेने २००७ साली ‘रेसिडेक्स’ हा निर्देशांक सुरू केला. पुढे २०१७-१८ हे पायाभूत वर्ष धरून त्याची व्याप्ती ५० शहरांपर्यंत वाढविण्यात आली. त्याची एक मालिका कर्ज देताना बँकांनी केलेल्या मूल्यांकनावर आधारलेली आहे. रिझर्व्ह बँकेचा निर्देशांक मात्र नोंदणी कार्यालयांतील दस्तऐवजांवर आधारलेला असून, २०१०-११ हे पायाभूत वर्ष असलेल्या मालिकेत मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई यांसह १० शहरांचा समावेश होता.

दोहोंना आपापल्या मर्यादा आहेत. कर्जाशिवाय झालेले व्यवहार बँकांच्या मूल्यांकनात येत नाहीत. आणि व्यवहारातील काही रक्कम दडवून दस्तात कमी किंमत दाखविण्याची अनिष्ट प्रथा जेथे असेल, तेथे नोंदणीचा आकडाही अपुरा ठरतो. शिवाय, दहा किंवा पन्नास शहरांचा कल म्हणजे आपल्या तालुक्याच्या गावाचा कल नव्हे.

नाममात्र वाढ व खरी वाढ

भाववाढीचे मोजमाप महागाईच्या तुलनेतच करावयास हवे. ४० लाखांस घेतलेली सदनिका आठ वर्षांनी ४८ लाखांस विकली गेली, तर आठ लाखांचा नफा झाल्याचे समाधान वाटते. परंतु त्या काळात महागाई दरसाल ५ टक्क्यांनी वाढली असेल, तर मूळच्या ४० लाखांची क्रयशक्ती टिकविण्यासाठीच सुमारे ५९ लाख मिळावयास हवे होते. कर्जावरील व्याज, मुद्रांक शुल्क, देखभाल खर्च हे आणखी वेगळे. अर्थात, ज्या कुटुंबाने त्या घरात आठ वर्षे वास्तव्य केले, त्याचे भाडे वाचले, हा लाभही हिशेबात धरला पाहिजे. बंद ठेवलेल्या सदनिकेस तोही मिळत नाही.

भावांची चढउतार

सदनिकांचे भाव नेहमी वाढतच जातात, हा समज इतिहासाला धरून नाही. महाराष्ट्रात १९६३ च्या मालकी हक्काच्या सदनिकांसंबंधीच्या अधिनियमाने आणि १९७० च्या अपार्टमेंट मालकी अधिनियमाने या व्यवहारांना कायद्याची चौकट लाभली. १९७७ मध्ये हाउसिंग डेव्हलपमेंट फायनान्स कॉर्पोरेशनची व १९८८ मध्ये राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेची स्थापना झाली आणि मध्यमवर्गास दीर्घ मुदतीचे गृहकर्ज मिळण्याची वाट रुंदावली. तरीही मुंबईत १९९० च्या दशकाच्या मध्यास शिखर गाठलेले भाव नंतर काही वर्षे घसरले होते.

२००३ नंतर कमी व्याजाच्या कर्जांमुळे देशभर भाव चढले. २००८ च्या जागतिक मंदीने त्यांना अल्पकाळ खीळ बसली, पण पुढे पुन्हा चढती कमान राहिली. २०१४ नंतरची काही वर्षे मंदगतीची गेली. अनेक शहरांत वाढ महागाईच्याही मागे पडली, प्रकल्प रखडले आणि खरेदीदार हप्ते व भाडे अशा दुहेरी ओझ्याखाली सापडले. २०२० च्या महामारीनंतर चित्र पालटले. महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२० पासून मार्च २०२१ पर्यंत मुद्रांक शुल्कात तात्पुरती सवलत दिली. व्याजदरही उतरले होते. त्यानंतर मागणी वाढून भाव पुन्हा चढू लागले.

भाव कशामुळे ठरतात ?

जमिनीची उपलब्धता, चटई क्षेत्र निर्देशांक, बांधकामाचा खर्च, रस्ते व रेल्वे यांची सोय ही कारणे सर्वपरिचित आहेत. व्याजदराचा परिणाम मात्र पुष्कळदा ध्यानात येत नाही. ३० लाखांच्या २० वर्षांच्या कर्जाचा मासिक हप्ता ७ टक्के दराने सुमारे २३,२६० रुपये, तर ९ टक्के दराने सुमारे २६,९९० रुपये होतो. म्हणजेच २३,२६० रुपयांचाच हप्ता परवडणाऱ्या कुटुंबास वाढीव दराने सुमारे २५ लाख ८५ हजारांचेच कर्ज पेलवते. भाव स्थिर असूनही घर आवाक्याबाहेर जाते, ते असे.

दुसरी विसंगती अधिक गंभीर आहे. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागांत एक कोटी दहा लाखांहून अधिक घरे रिकामी आढळली. त्याच सुमारास, २०१२ मध्ये, केंद्र शासनाच्या तांत्रिक गटाने शहरांतील घरांची टंचाई १ कोटी ८८ लाखांच्या घरात असल्याचा अंदाज वर्तविला होता. आणि तीपैकी ९५ टक्क्यांहून अधिक टंचाई आर्थिकदृष्ट्या दुर्बल व अल्प उत्पन्न गटांतील होती. ज्यांना घर हवे त्यांना परवडेल असे ते बांधले जात नाही, हेच या दोन आकड्यांचे तात्पर्य होय.

खरेदीदाराने काय पाहावे ?

भावाची तुलना नेहमी चटई क्षेत्रावर करावी. जिना, मार्गिका यांचा हिस्सा धरून ८०० चौरस फूट सांगितलेली ४८ लाखांची सदनिका ६,००० रुपये दराची भासते. आतील वापराची जागा ६०० चौरस फूटच असेल, तर खरा दर ८,००० रुपये पडतो. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ नुसार चटई क्षेत्राची व्याख्या निश्चित झाली आहे. लेखी करार नोंदविण्यापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास विकासकास मनाई आहे. तसेच खरेदीदारांकडून मिळालेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम त्याच प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवणे त्याच्यावर बंधनकारक आहे.

नोंदणी व मुद्रांक विभागाचे वार्षिक मूल्यदर तक्ते मुद्रांक शुल्काच्या आकारणीसाठी असतात. ते बाजारभावाचे हमीपत्र नव्हे. मात्र परिसरातील दराचा अंदाज घेण्यास ते उपयोगी पडतात. गेल्या वर्षभरात त्याच परिसरात प्रत्यक्ष नोंदविलेल्या दस्तांतील किमती पाहिल्यास हा अंदाज अधिक पक्का होतो.

शहरालगतच्या ग्रामपंचायतींपुढे हा प्रश्न वेगळ्या रूपाने उभा राहतो. गावात सदनिकांचे भाव चढले म्हणजे विकास झाला, असे नव्हे. नव्या वस्तीला पाणी, सांडपाण्याची व्यवस्था, शाळा व रस्ता मिळणार की नाही, यावरच ते भाव टिकणे अवलंबून असते. गावकऱ्यांनी व खरेदीदारांनी भावफलकाइतकेच या सोयींकडे लक्ष दिले, तर घराची किंमत आणि घराचे मोल यांतील अंतर कमी होईल.