चार वेळा पाव मिलिमीटर

एप्रिल २०१६ मध्ये हैदराबादचा एक तरुण सॉफ्टवेअर इंजिनीअर घरी काहीही न सांगता रुग्णालयात दाखल झाला. वय बाविशीच्या आसपास. आईवडिलांनी शोधाशोध केली आणि तो सापडला तेव्हा त्याच्या पायांवर शस्त्रक्रिया होऊन गेली होती. अपघात नव्हता, व्यंग नव्हतं, आजार नव्हता. त्याला उंची दोन-तीन इंचांनी वाढवून हवी होती. पुढचे काही दिवस वाहिन्यांवर गदारोळ चालला. धडधाकट मुलाचे पाय कापलेच कसे, हा घरच्यांचा प्रश्न. कायद्याच्या नजरेत मुलगा सज्ञान आणि संमती त्याचीच.

मला त्या बातमीत खटकला तो एक आकडा. शस्त्रक्रियेआधीच त्याची उंची पाच फूट सात इंच होती, म्हणजे १७० सेंटीमीटर. जगभरच्या उंचीच्या नोंदी एकत्र करून २०१६ मध्येच एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार १९९६ साली जन्मलेल्या भारतीय पुरुषाची सरासरी उंची सुमारे १६५ सेंटीमीटर आहे आणि डच पुरुषाची १८२ च्या वर. हैदराबादचा मुलगा आपल्या देशात बुटका नव्हताच. सरासरीपेक्षा चांगला पाच सेंटीमीटर उंच होता. मग तो स्वतःला कुणाशी मोजत होता?

याचं उत्तर देशाच्या सरासरीत सापडत नाही. ते शाळेच्या मैदानावर सापडतं. पीटीच्या तासाला उंचीप्रमाणे रांग लागते आणि सगळ्यांत पुढे कोण उभं राहणार हे पहिल्याच दिवशी ठरतं. ‘गिड्डा’, ‘टिंगू’, ‘बटू’, ‘अडीच फुट्या’ ही नावं तिथेच चिकटतात. पुढे पंचविशीत स्थळं बघायला सुरुवात झाली की वधूवर सूचक संकेतस्थळावर उंचीचा रकाना असतो आणि त्याला चाळणीही लावता येते. मुलगी पाच-दोन असली तरी ‘मुलगा पाच-सहाच्या खाली नको’ असं घरातली मोठी माणसं सहज बोलून जातात. पत्रिका जुळते की नाही हे नंतर. पाच-चारचा मुलगा त्या चाळणीतून आधीच खाली पडलेला असतो. मुलींचंही हेच, फक्त आकडे वेगळे.

तेव्हा हा लेख ज्याच्यासाठी आहे तो मुलगा, किंवा मुलगी, वेडा नाही. त्याने चष्मा लावला, दातांना तारा लावल्या, तेव्हा कुणी हरकत घेतली नाही. पाय लांब करून मिळतात असं त्याने वाचलंय आणि ते खरं आहे. पाय लांब होतात.

कसे होतात, याची गोष्ट सैबेरियात सुरू होते. त्याआधीही प्रयत्न झाले होते. इटलीत बोलोन्याच्या अलेस्सांद्रो कोदिविला यांनी १९०५ मध्ये हाड कापून ओढून लांब करण्याची पद्धत मांडली होती, पण एकदम जोर लावून ओढण्यात धोका फार. नस, स्नायू, कातडी यांना तेवढी सवड मिळत नाही. ती सवड नेमकी किती द्यायची, हे गाव्रील इलिझारोव्ह या डॉक्टरने शोधलं. जन्म १९२१ चा, बालपण अझरबैजानमधल्या डोंगराळ भागात, वैद्यकीय शिक्षण महायुद्धाच्या धामधुमीत. १९४४ मध्ये पदवी मिळाली आणि रवानगी झाली कुर्गान प्रांतातल्या दोल्गोव्का या खेड्यात. युद्धावरून परतलेले सैनिक, न जुळलेली हाडं, वर्षानुवर्षं पू वाहणाऱ्या जखमा, आणि हाताशी साधनं जवळजवळ नाहीत. तिथे त्याने धातूच्या कड्या आणि हाडातून आरपार जाणाऱ्या बारीक तारा यांचा सांगाडा बनवला. सायकलच्या चाकातले स्पोक जसे ताणलेले असतात तशा या तारा कड्यांवर ताणायच्या. बारीक असूनही मग त्या हाडाचा भार पेलतात. कड्या एकमेकींना आट्यांच्या सळयांनी जोडलेल्या असतात, त्यामुळे नट फिरवून त्यांच्यातलं अंतर कमीजास्त करता येतं.

मूळ हेतू तुटलेली टोकं एकमेकांवर दाबून धरण्याचा होता. असं सांगतात की एका रुग्णाने नट उलट्या बाजूला फिरवले, टोकं दूर गेली आणि त्या फटीत नवं हाड धरलेलं दिसलं. गोष्ट सांगोवांगीची असेल. पुढचं काम मात्र पक्कं आहे: बरीच वर्षं प्राण्यांवर आणि माणसांवर मोजमाप करून इलिझारोव्हने वेग ठरवला. हाड कापायचं, आतला मगज आणि वरचं आवरण शक्य तितकं राखायचं. पाच-सात दिवस काही करायचं नाही. मग दिवसाला एक मिलिमीटर, तोही एकदम नाही, पाव-पाव मिलिमीटर चार वेळा. याहून सावकाश गेलं तर हाड वेळेआधी जुळून घट्ट होतं. घाई केली तर फट रिकामी राहते आणि नसा दगावतात.

मॉस्कोने या खेड्यातल्या डॉक्टरकडे बरीच वर्षं लक्ष दिलं नाही. लक्ष गेलं ते व्हालेरी ब्रुमेलमुळे. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमधला हा उंच उडीचा विजेता १९६५ मध्ये मोटरसायकलच्या अपघातात सापडला. पायाचा चुरा झाला, शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया झाल्या, पाय काही धरेना. शेवटी तो कुर्गानला इलिझारोव्हकडे गेला, आणि नंतर त्याने पुन्हा दोन मीटरच्या वर उडी मारली. पश्चिमेला हे कळायला आणखी दहा-बारा वर्षं लागली. थोर हेयरडाल या नॉर्वेजियन संशोधकाच्या ‘रा’ या पपायरसच्या बोटीवर युरी सेन्केव्हिच हा सोव्हिएत डॉक्टर आणि कार्लो माउरी हा इटालियन गिर्यारोहक एकत्र होते. माउरीचा जुना मोडका पाय वर्षानुवर्षं बरा होत नव्हता. सेन्केव्हिचच्या सांगण्यावरून १९८० मध्ये तो कुर्गानला गेला, बरा होऊन परतला आणि त्याच्या इटालियन डॉक्टरांचा डोळ्यांवर विश्वास बसेना. पुढच्याच वर्षी इलिझारोव्हला इटलीतून व्याख्यानाचं बोलावणं आलं. तिथून ही पद्धत जगभर गेली.

महाराष्ट्रातही ती रुजली. मिरजेचे डॉ. जी. एस. कुलकर्णी, अकोल्याचे डॉ. मिलिंद चौधरी ही नावं हाडांच्या डॉक्टरांत या पद्धतीशी जोडलेली आहेत. पोलिओने एक पाय आखूड राहिलेली पोरं, ट्रॅक्टरखाली पाय सापडलेले शेतकरी, जन्मतः नडगीचं हाड वाकलेली मुलं अशांसाठी ती होती. खेड्यात अजूनही ‘पायाला रिंग बसवली’ असंच म्हणतात. लंगडणाऱ्या मुलाचे पाच सेंटीमीटर भरून निघाले की त्याचा कणा सरळ होतो, खुबा वाचतो. वर्षभराच्या यातनांचा तिथे हिशेब लागतो.

दोन्ही पाय सारखे आणि निरोगी असलेल्या माणसाने तीच वाट धरली की हिशेब बदलतो. चीनच्या आरोग्य मंत्रालयाने २००६ मध्ये केवळ सौंदर्यासाठी हाडं लांब करायला बंदी घातली. तिथे नोकरीच्या जाहिरातींतसुद्धा उंचीची अट सर्रास असायची आणि त्या गरजेवर जगणाऱ्या दवाखान्यांतून अधू होऊन बाहेर पडलेल्यांच्या बातम्या येत होत्या. दुसरीकडे यंत्र सुधारत गेलं. कड्या बाहेर ठेवण्याऐवजी हाडाच्या पोकळीत लांबणारा खिळा बसवायचा आणि बाहेरून चुंबकाच्या यंत्राने तो रोज लांबवायचा: प्रिसाइस नावाच्या अशा खिळ्याला अमेरिकेत २०११ मध्ये मान्यता मिळाली. तारांच्या भोकांतून होणारा जंतुसंसर्ग टळला, व्रण लहान झाले आणि श्रीमंत गिऱ्हाइकांसाठी दारं उघडली. अमेरिकेत आज ७० हजार डॉलर ही सुरुवात समजतात. तुर्कस्तानात त्याहून पुष्कळ कमी, म्हणून तिकडे रांगा. २०२५ च्या ‘मटेरिअलिस्ट्स’ या हॉलीवूडपटात लग्नाच्या बाजारातला देखणा, गडगंज नायक हीच शस्त्रक्रिया करून उंच झालेला निघतो.

यंत्राबद्दल एक गोष्ट मात्र जाहिरातीत सापडणार नाही. पायावर पूर्ण भार देता यावा म्हणून प्रिसाइसच्याच कंपनीने २०१८ मध्ये पोलादी खिळा आणला, स्ट्राइड. उंची वाढवणाऱ्यांना तो फार आवडला. लवकर चालता येतं. २०२१ च्या सुरुवातीला तो बाजारातून मागे घ्यावा लागला, कारण खिळ्याचे दोन भाग एकमेकांत सरकतात त्या सांध्यापाशी धातू गंजत होता आणि भोवतीच्या हाडात बदल दिसत होते. ज्यांच्या पायात तो होता ते तोपर्यंत सेंटीमीटर घेऊन घरी गेले होते.

आता ‘दोन-तीन इंच’ या शब्दांमागचे महिने मोजू. समजा मांडीचं हाड पाच सेंटीमीटर वाढवायचंय. रोज एक मिलिमीटर म्हणजे पन्नास दिवस नुसतं लांबवण्याचे. त्यात तयार झालेलं हाड सुरुवातीला मऊ असतं. ते भार पेलण्याइतकं टणक व्हायला दर सेंटीमीटरमागे महिनाभर तरी धरतात. तोवर वॉकर, कुबड्या, खुर्ची. पण खरी मारामारी हाडाशी नसतेच. हाड बिचारं सांगितलेलं ऐकतं. स्नायू आणि नसा ऐकत नाहीत. नडगी लांबवली की पोटरीचा स्नायू ताणून टाच वर खेचतो आणि पावलं नर्तकीसारखी टोकावर उभी राहतात; मांडी लांबवली की गुडघा आखडतो. म्हणून रोज तासन्‌तास व्यायाम, तोही दुखऱ्या पायांचा. एखादी नस जास्त ताणली गेली तर पाऊल वर उचलता येत नाही. हाड जुळलंच नाही, वाकडं जुळलं, रक्तवाहिनीत गुठळी झाली, हाडातली चरबी रक्तातून फुफ्फुसात गेली, या शक्यता दुर्मीळ ते नेहमीच्या अशा सगळ्या पायऱ्यांवर आहेत. चांगल्या हातांतही अडचणी येतात. फक्त तिथे त्या वेळेत पकडल्या जातात. आणि हात, धड तेवढंच राहतं. वाढतात ते फक्त पाय.

पोलीस भरतीचा एक मुद्दा मला वरचेवर ऐकू येतो. महाराष्ट्रात शिपाई पदासाठी पुरुषांना १६५ सेंटीमीटर लागतात. १६३ वर अडकलेल्या पोराचं दुःख खरंच आहे. पण त्याच भरतीत १६०० मीटर धावायचंही असतं, आणि ते त्याच पायांनी.

एवढं सोसून हातात काय येतं? नोकरी, पगार, दबदबा हे उंचीसोबत येतं असं आपण गृहीत धरतो आणि त्यात तथ्य आहे. उंच पुरुषांना सरासरीने जास्त पगार मिळतो, दर इंचामागे साधारण दोन टक्के. पण निकोला पर्सिको, अँड्र्यू पोस्टलवेट आणि डॅन सिल्व्हरमन या तीन अर्थशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये एक साधा प्रश्न विचारला: कुठल्या वयातली उंची? ब्रिटन आणि अमेरिकेतल्या गोऱ्या पुरुषांची लहानपणापासूनची मापं त्यांच्याकडे होती. सोळाव्या वर्षीची उंची हिशेबात घेतली की मोठेपणीच्या उंचीचा पगाराशी संबंध उरतच नाही, असं निघालं. सोळाव्या वर्षी बुटका असलेला आणि नंतर भराभर वाढलेला माणूस बुटक्याचाच पगार घेत होता. कारण काय? त्यांच्या मते शाळेतले खेळ, मंडळं, मित्रांतलं वजन. त्या वयात जे शिकायचं ते तिथे शिकलं जातं.

चार वर्षांनी अ‍ॅन केस आणि क्रिस्टिना पॅक्सन यांनी वेगळं सांगितलं. उंच मुलं शाळेत जायच्या आधीच, तीन वर्षांची असतानाच, बुद्धीच्या चाचण्यांत थोडी पुढे असतात, कारण पोटात असताना आणि बालपणी मिळालेलं पोषण उंचीही वाढवतं आणि मेंदूही. दोन्ही बाजूंचं भांडण अजून मिटलेलं नाही. आपल्या मुलाला मात्र त्यातून एकच गोष्ट कळते: पर्सिको बरोबर असोत की केस-पॅक्सन, पंचविसाव्या वर्षी हाडात घातलेले पाच सेंटीमीटर या दोघांच्याही हिशेबात बसत नाहीत. हे अभ्यास हिंजवडीच्या आयटी पार्कला जसेच्या तसे लावता येणार नाहीत, कबूल. पण जे हरवलं असं त्याला वाटतं ते पीटीच्या रांगेत किंवा त्याहून आधी हरवलेलं असेल, तर शल्यविशारद ते परत कसं देणार?

‘त्याहून आधी’ हे आपल्याकडे फार खरं आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आढळली आणि आधीच्या पाहणीपेक्षा हा आकडा किंचित वाढलाच होता. सीमा जयचंद्रन आणि रोहिणी पांडे यांनी २०१७ मध्ये दाखवलं की भारतातलं पहिलं मूल, विशेषतः पहिला मुलगा, आफ्रिकेतल्या मुलांच्या तुलनेत बुटका नसतोच; दुसऱ्या-तिसऱ्या अपत्यापासून घसरण सुरू होते आणि मुलींवर ती जास्त येते. घरात ताट कुणापुढे आधी जातं याची ती नोंद आहे.

चाळणीचं काय, लग्नाच्या? तिथे सेंटीमीटर खरोखर कामी येतील. हे लपवायचं कारण नाही. रकान्यात पाच-सहा लिहिता येईल. फक्त लग्नानंतर मांडीवरचे व्रण आणि वर्षभराची रजा कुणाला तरी समजावून सांगावी लागेल, आणि खिळा वर्ष-दोन वर्षांनी काढायला पुन्हा टेबलावर जावं लागेल. ही दुसरी शस्त्रक्रिया खर्चाच्या अंदाजात पुष्कळदा धरलेलीच नसते.

तरीही कुणाचा विचार ठाम असेल तर मी त्याला शहाणपण शिकवणार नाही. डॉक्टरला विचारायचे प्रश्न मात्र सांगेन. मनोविकारतज्ज्ञाची भेट सक्तीची आहे का? (नसेल तर तिथूनच परत फिर. आरशात दिसणारी उणीव मनातली असेल तर पाच सेंटीमीटरनंतर ती नाकावर जाऊन बसते.) नस ताणली गेली तर लांबवणं थांबवून मागे घेता येईल का आणि तो निर्णय रात्री अकरा वाजता कोण घेणार? तुमच्याकडे अर्धवट सोडावे लागलेले किती? व्यायामासाठी माणूस कोण, रोज की आठवड्यातून दोनदा? आणि डॉक्टरकडे जाण्याआधी एक स्वस्तातला प्रयोग: बुटात पाच सेंटीमीटरची आतली टाच घालून सहा महिने ऑफिसला, लग्नांना, मित्रांत जा. कुणाचं वागणं बदललं, कुणाचं नाही, ते वहीत लिहून ठेव. लोकांना उंची कळते ती बहुधा एवढीच, आणि ती टाच संध्याकाळी काढूनही ठेवता येते.