विश्लेषण : पोटगीचा आदेश हाती, पण पैसे नाहीत, निराधार अनुदान मिळते का?

समजा, श्रीवर्धनच्या बाजारात मासळी विकणाऱ्या एका घटस्फोटित महिलेला न्यायालयाने मुलासाठी दरमहा २,००० रुपये पोटगी मंजूर केली. पूर्वीचा नवरा मच्छीमार बोटीवर खलाशी, आज या बंदरात तर उद्या त्या. पैसे एकदाही आले नाहीत. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज भरताना ती अडते, ते याच न मिळालेल्या दोन हजारांपाशी.

अडचण कुठे येते?

या योजनेत दरमहा १,५०० रुपये मिळतात. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये, म्हणजे महिन्याला अवघे १,७५०. (आजच्या महागाईत ही मर्यादा हास्यास्पद आहे, पण नियम तोच.) दरमहा २,००० धरले तर वर्षाचे २४,००० होतात आणि अर्जदार मर्यादेबाहेर जाते.

मात्र योजनेचे शब्द नीट वाचावेत. घटस्फोट झालेल्या, परंतु पोटगी ‘न मिळालेल्या’ किंवा उत्पन्न मर्यादेपेक्षा कमी पोटगी मिळणाऱ्या महिला पात्र आहेत. घटस्फोटाची प्रक्रिया सुरू असलेल्या महिलाही अर्ज करू शकतात. प्रश्न आदेशातल्या आकड्याचा नसून हाती आलेल्या पैशांचा आहे. म्हणून तहसील कार्यालयात नुसता आदेश नेऊ नये. बँक पासबुकाच्या नोंदी आणि वसुलीसाठी केलेल्या अर्जाची प्रतही जोडावी.

वसुली कशी होते?

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ नुसार, म्हणजे १ जुलै २०२४ पूर्वीच्या कलम १२५ प्रमाणेच, न्यायदंडाधिकारी दंडासारखी वसुली करण्याचे वॉरंट काढू शकतात. तरीही रक्कम न भरल्यास थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. कैद भोगली तरी थकबाकी माफ होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच स्पष्ट केले आहे. इथे अनेकींचे नुकसान होते ते मुदतीमुळे. रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो.

पावसाळी मासेमारी बंदीत कमाई नाही, असे नवरे सांगतात. ते खरे असेलही. पण रक्कम कमी करून घ्यायची तर त्याने न्यायालयात जावे. मनाने हप्ता थांबवता येत नाही.

‘लाडकी बहीण’ही घेता येईल?

निराधार अनुदानाचे १,५०० सुरू असतील तर नाही. दोन्हींपैकी एकच. मुलांसाठी मात्र बालसंगोपन योजना वेगळी आहे. एकल पालकाच्या पात्र मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळतात. त्यासाठी अलिबागच्या जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात चौकशी करावी.

अमेरिकेत रोख सरकारी मदत घेणाऱ्या आईला मुलाच्या पोटगीवरचा हक्क राज्याकडे सोपवावा लागतो. वसूल झालेले पैसे अनेकदा सरकारच ठेवून घेते. आपल्याकडे वसूल झालेली पोटगी आईच्याच हाती येते, मात्र त्यासाठी बाप शोधून वॉरंट बजावले जायला हवे. बोट कोणत्या बंदरात आहे, हे बहुधा तिलाच विचारत फिरावे लागते.