पाळीच्या वेळी पोट का दुखते?

प्रात्यक्षिकाच्या तासाला एखादी विद्यार्थिनी हळूच जवळ येते आणि म्हणते, "सर, पोटात दुखतंय, मी घरी जाऊ का?" शिक्षक मान हलवितात, मैत्रिणी खाली पाहतात आणि मागच्या बाकावर कोणीतरी खुसखुसते. एवढ्यावर विषय संपतो. पोट कशाने दुखते हे कोणी विचारीत नाही आणि कोणी सांगतही नाही. दाढ दुखली तर कारण शोधणारे आपण येथे मात्र गप्प बसतो. वास्तविक या दुखण्याचे निम्मे उत्तर आपल्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात, 'दाब' या धड्यात आहे. ते कसे, हे आज पाहू.

पाळी म्हणजे काय?

गर्भाशय हा पेरूच्या आकाराचा, सुमारे सात-आठ सेंटिमीटर लांबीचा पोकळ अवयव आहे. त्याची भिंत जाड स्नायूंची असते. आतल्या बाजूने दर महिन्याला रक्तवाहिन्यांनी भरलेले मऊ अस्तर तयार होते. बीजकोशातून सुटलेल्या बीजाचे फलन झाले, तर गर्भ रुजावा म्हणून ही तयारी असते. फलन झाले नाही, तर प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचे प्रमाण घटते, अस्तर सुटते आणि रक्तासह बाहेर पडते. हीच पाळी. आपल्याकडे 'कावळा शिवला' असे म्हणण्याची रीत आहे. परंतु यात कावळ्याचा संबंध नाही आणि विटाळाचाही नाही. बोट कापल्यावर जे रक्त येते, तेच हे रक्त.

दाबाचे गणित

सुटलेले अस्तर बाहेर ढकलण्यासाठी गर्भाशयाचे स्नायू आकुंचन पावतात. हा हुकूम त्यांना अस्तरातच तयार होणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये देतात. ज्या मुलींमध्ये ही द्रव्ये अधिक तयार होतात, त्यांच्या गर्भाशयातील दाब आकुंचनाच्या वेळी पाऱ्याच्या १५० मिलीमीटरपर्यंत किंवा त्याच्याही वर जाऊ शकतो. पारा पाण्याच्या १३.६ पट जड असतो. म्हणजे हा दाब सुमारे दोन मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका झाला!

आता रोहिण्यांतील रक्तदाब आठवा. निरोगी माणसात तो जास्तीत जास्त सुमारे १२० मिलीमीटर असतो. बाहेरचा दाब आतल्या दाबापेक्षा वाढला की मऊ भिंतीची नळी चेपते. डॉक्टर रक्तदाब मोजताना दंडाला पट्टा बांधून हवा भरतात, तेव्हा नाडी लागेनाशी होते, ती याच कारणाने. पट्टा तसाच ठेवला तर हात दुखू लागतो. कारण स्नायूंना प्राणवायू मिळत नाही. गर्भाशयातही असेच घडते. आवळलेल्या स्नायूंमध्ये रक्तवाहिन्या चेपतात, रक्तपुरवठा काही क्षण तुटतो आणि कळ येते. स्नायू सैल पडला की रक्त पुन्हा वाहू लागते आणि कळ ओसरते. म्हणूनच हे दुखणे लाटांसारखे येते. पहिल्या एक-दोन दिवसांत प्रोस्टाग्लँडिन सर्वाधिक असते, म्हणून दुखणेही तेव्हाच अधिक असते. काहींना मळमळते, जुलाब होतात किंवा डोके दुखते, त्यामागेही हीच द्रव्ये असतात.

तेव्हा 'नाटक करते' असे कोणी म्हटले, तर त्याला दाबाचे हे गणित जरूर सांगावे.

उपाय

पहिला उपाय शेकण्याचा. उष्णतेने स्नायू सैल होतात आणि रक्तपुरवठा सुधारतो. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून ओटीपोटावर ठेवावी. पाणी उकळते नसावे. चालणे व हलका व्यायाम यांनीही आराम पडतो.

दुसरा उपाय औषधाचा. ॲस्पिरिनच्या जातीची औषधे शरीरात प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ देत नाहीत, हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखविले. या क्षेत्रातील कार्यासाठी त्यांना १९८२ चे नोबेल पारितोषिक दोन स्वीडिश शास्त्रज्ञांसमवेत मिळाले. याच गटातील आयब्युप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिड ही औषधे पाळीच्या दुखण्यावर देतात. ती दुखणे सुरू होताच घेतली तर अधिक गुणकारी ठरतात. कारण ती नवे प्रोस्टाग्लँडिन अडवितात, तयार झालेले नाहीसे करीत नाहीत. मात्र ही औषधे खाल्ल्यानंतरच घ्यावीत, आणि कोणते, किती हे डॉक्टरांना विचारून ठरवावे. दमा किंवा जठरव्रण असणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय घेऊच नयेत.

लोहाचा जमाखर्च

दुसरी नेहमीची तक्रार थकव्याची. येथे थोडा हिशेब करू. एका पाळीत साधारण ४० मिलीलिटर रक्त जाते असे धरू. १०० मिलीलिटर रक्तात १२ ग्रॅम हिमोग्लोबिन असेल, तर ४० मिलीलिटरमध्ये ४.८ ग्रॅम झाले. एक ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये सुमारे ३.४ मिलीग्रॅम लोह असते. म्हणजे दर पाळीला सुमारे १६ मिलीग्रॅम लोह गेले. २८ दिवसांवर वाटले तर रोजचे ०.६ मिलीग्रॅम. त्वचा व आतडे यांवाटे प्रत्येकाचेच रोज सुमारे १ मिलीग्रॅम लोह जाते; मुलीचा खर्च याप्रमाणे दीडपटीहून अधिक होतो. पोळी-भाकरीच्या आहारातील लोहापैकी शंभरात पाच ते दहा भागच रक्तात शोषले जातात. ८ भाग धरले तर १.६ मिलीग्रॅम मिळण्यासाठी रोज २० मिलीग्रॅम लोह पोटात जावयास हवे. वाढीच्या वयात गरज त्याहूनही अधिक.

खर्च भरून निघाला नाही, की रक्तक्षय होतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींमध्ये तो आढळला. धाप लागणे, लक्ष न लागणे, चेहरा फिकट दिसणे ही त्याची चिन्हे. हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली असल्यास उपचार हवा. हळीव, पालेभाज्या, मोड आलेली कडधान्ये, चालत असल्यास मांस-मासे खावे. जेवणात लिंबू, आवळा किंवा पेरू असावा. त्यांतील 'क' जीवनसत्त्वामुळे लोह अधिक शोषले जाते. चहा त्याला अडवितो, म्हणून तो जेवणाबरोबर नको. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी खिडकीबाहेर टाकू नये. तिच्यामुळे शौचाचा रंग काळसर झाला तर घाबरण्याचे कारण नाही.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षे ती अनियमित असू शकते; कारण बीज दर महिन्याला सुटतेच असे नाही. पांढरट, वास नसलेला थोडा स्राव हाही स्वाभाविक आहे. परंतु पुढील गोष्टी आढळल्यास स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे :

१) पंधरा वर्षे पूर्ण होऊनही पाळी आली नाही, किंवा दोन पाळ्यांत ९० दिवसांहून अधिक अंतर पडले.
२) रक्तस्राव सात दिवसांहून अधिक चालला, किंवा एक-दोन तासांत पॅड भिजू लागले.
३) शेक व औषध घेऊनही दुखणे थांबत नाही, शाळा बुडते किंवा दर महिन्याला ते वाढत जाते. गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर त्याच्या बाहेर वाढल्याने असे होऊ शकते.
४) पाळी लांबते आणि त्याबरोबर चेहऱ्यावर राठ केस व पुष्कळ मुरुमे येतात. संप्रेरकांचा समतोल बिघडल्याची ही खूण असू शकते.
५) स्रावाला दुर्गंध, हिरवट-पिवळा रंग आहे किंवा खाज सुटते.
६) ओटीपोटात एका बाजूला एकाएकी असह्य कळ येऊन उलट्या होतात. येथे एक दिवसही थांबू नये.

स्वच्छतेविषयी एकच गोष्ट सांगतो. पॅड चार ते सहा तासांनी बदलावे. कापड वापरत असल्यास ते साबणाने धुऊन उन्हात वाळवावे. लाजेने ते अंधाऱ्या कोपऱ्यात, दुसऱ्या कपड्याखाली वाळत घातले, तर ओल राहते आणि जंतू वाढतात. ऊन फुकट मिळते; लाजेची किंमत मात्र मोजावी लागते.

शिक्षकांना एक विनंती. शाळेत गरम पाण्याची एक पिशवी, कपाटात थोडी पॅड्स आणि स्वच्छतागृहात पाणी, एवढी सोय करणे कठीण नाही. आणि मागच्या बाकावरील मुलांनो, पुढच्या वेळी वर्गात कोणी "पोट दुखतंय" म्हणाली, तर खुसखुसण्याऐवजी दोन मीटर उंच पाण्याचा स्तंभ डोळ्यांपुढे आणा.