खेळ रंगवण्यासाठी नियम वाकवायचा?

फॉर्म्युला वन ही मोटारींची शर्यत म्हणजे आपल्या वस्त्यांतला खेळ नव्हे. 2011 ते 2013 अशी तीन वर्षे ती ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर झाली, तेव्हा नावापुरती तिची ओळख आपल्याकडे झाली असेल. पण कायद्याच्या माणसाने तिच्याकडे जरूर पाहावे, असे आम्हांस वाटते.

टीव्हीवरचा प्रेक्षक उठून जाऊ नये म्हणून या शर्यतीत नाना क्लृप्त्या झाल्या. 2011 पासून मागच्या गाडीला, ती पुढच्या गाडीच्या एका सेकंदाच्या आत आली की, पंखाची झडप उघडून वेग वाढवण्याची मुभा मिळाली; पुढच्याला ती नाही. 2014 साली शेवटच्या शर्यतीला दुप्पट गुण ठेवले आणि पुढच्या वर्षी गुंडाळले. विजेवरच्या फॉर्म्युला ई शर्यतीत तर प्रेक्षकांनी मते द्यायची आणि लोकप्रिय चालकाला जादा शक्ती मिळायची! 2022 पर्यंत हा प्रकार चालला. हे सारे हास्यास्पद म्हणा, पण नियम आधी जाहीर होते, सर्वांना माहीत होते. वाईट कायदासुद्धा आधी सांगितलेला असेल तर त्याच्याशी भांडता येते.

12 डिसेंबर 2021 रोजी अबुधाबीत जे घडले ते निराळे. लुईस हॅमिल्टन आणि मॅक्स वर्स्टापेन समान गुणांवर होते. जो पुढे राहील तो जगज्जेता. 58 फेऱ्यांची शर्यत, हॅमिल्टन आघाडीवर. 53व्या फेरीत एका चालकाची गाडी आदळली, सेफ्टी कार आली, सर्वांचा वेग बांधला गेला. वर्स्टापेनने नवे टायर घातले. दोघांच्या मध्ये एक फेरी मागे पडलेल्या पाच गाड्या होत्या. त्यांना पुढे जाऊ देणार नाही, असे आधी कळवले गेले. मग शर्यत संचालक मायकेल मासी यांनी नेमक्या त्या पाचच गाड्यांना पुढे जाऊ दिले आणि सेफ्टी कार त्याच फेरीत आत घेतली. नियम 48.12 म्हणत होता की त्यानंतरची फेरी संपल्यावर ती आत यावी. उरलेल्या एका फेरीत वर्स्टापेन जिंकले. त्यांचा यात दोष नाही. मिळालेल्या संधीवर ते गाडी चालवले.

हॅमिल्टनच्या संघाने तक्रार केली. पंचांनी ती फेटाळली. का? सेफ्टी कारच्या बाबतीत संचालकाचा अधिकार सर्वोच्च, असे नियम 15.3 सांगतो म्हणे. आता आम्ही विचारतो, विशेषाधिकार एकाच कलमाने दिला की बाकीची कलमे कागदावरची शाई ठरतात काय? नियमात फेरी मागे पडलेल्या ‘कोणत्याही’ गाड्या असा शब्द होता. ‘कोणत्याही’ म्हणजे ‘सर्व’, की ‘आम्ही निवडू त्या’? कोर्टात या एका शब्दावर आम्ही वकील आठवडा काढू. तिसऱ्या क्रमांकावरच्या कार्लोस सेन्झ यांच्यापुढच्या गाड्या मात्र हटवल्या नाहीत. त्यांच्यासाठी कोणी ओरडले नाही, कारण कॅमेरा त्यांच्यावर नव्हता.

शर्यत सेफ्टी कारमागे रेंगाळत संपू नये, अशी संघांचीच पूर्वीपासून इच्छा होती, हेही खरे. पण सर्वांना बरी वाटणारी इच्छा म्हणजे नियम नव्हे. त्यासाठी शर्यत थांबवून सर्वांना टायर बदलू देऊन पुन्हा सुरू करण्याची तरतूद होतीच.

फेब्रुवारी 2022 मध्ये मासी यांना पदावरून हलवले. मार्चमध्ये महासंघाच्या अहवालाने मानवी चूक झाल्याचे, पण हेतू शुद्ध असल्याचे म्हटले. ‘कोणत्याही’च्या जागी ‘सर्व’ हा शब्द आला. निकाल मात्र कायम राहिला.