भिंतीवरचे दोन कागद

सकाळी ८:३०

शटर वर गेलं की मालक देवापुढे उदबत्ती लावतात आणि मी फ्रीज उघडते. आतल्या तापमापीवर रात्रभरातला सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकडा राहतो. इन्सुलिनला २ ते ८ अंश लागतात. आज कमीतला आकडा उणे १ होता. सहा बाटल्या बर्फाच्या कप्प्याला टेकल्या होत्या. काल माल उशिरा आला, तेव्हा घाईत मीच त्या तिथे ठेवल्या होत्या.

हातात घेतल्या तर पाण्यासारख्या स्वच्छ. असं इन्सुलिन गोठून पुन्हा वितळलं असेल, तर डोळ्यांना कळत नाही. कळलंच तर आठ-पंधरा दिवसांनी, रुग्णाची साखर काही केल्या उतरत नाही तेव्हा. आणि तेव्हाही संशय औषधावर जात नाही, पथ्यावर जातो. बाटल्या खरंच गोठल्या होत्या का, हे मला सांगता येत नव्हतं, म्हणून सहाही बाजूला काढल्या. चूक माझी आहे, हेही मालकांना सांगितलं. त्यांनी बिल पाहिलं, क्षणभर थांबले आणि म्हणाले, "काढा." पंधरा वर्षांत असे मालक मला नेहमीच मिळाले नाहीत.

९:१५

काउंटरमागच्या भिंतीवर दोन कागद आहेत. एक दुकानाचा औषध परवाना. दुसरा माझा, फार्मसी कौन्सिलच्या नोंदणीचा. पहिल्या कागदानं दुकानाला औषध विकता येतं. पण डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध रुग्णाच्या हातात कुणी द्यायचं, ते दुसरा कागद ठरवतो. १९४८च्या फार्मसी कायद्याच्या ४२व्या कलमानुसार ते काम नोंदणीकृत फार्मासिस्टचंच. त्याआधी, १९३० साली नेमलेल्या चोप्रा समितीनं देशातल्या औषधविक्रीची अवस्था तपासली होती. शिकलेला, नोंदलेला आणि जाब विचारता येईल असा माणूस काउंटरमागे हवा, ही मागणी तेव्हापासूनची आहे.

आपल्याकडे 'व्यावसायिक' म्हटलं की धंदा करणाराही आला आणि आमच्यासारखा पेशातला माणूसही आला. एकाच काउंटरवर दोघं उभे असतात, म्हणून मला हा शब्द अपुरा वाटतो. कॉलेज सुटल्या सुटल्या मला एक सोपी वाट सुचवली गेली होती: प्रमाणपत्र दुकानात लावायचं, आपण घरी बसायचं, महिन्याला ठरलेले पैसे घ्यायचे. वडिलांचं आजारपण चालू होतं, पैशांची गरज होती. पण माझ्या नावाखाली भलताच कुणीतरी गोळ्या मोजणार, हे काही केल्या गळी उतरेना. माझ्या वर्गातल्या काहींनी ती वाट धरली. त्यांची अडचण मला समजते. तरी ते बरोबर होतं, असं मी कधीच म्हणणार नाही.

११:००

रविवार, म्हणजे सांगोल्याचा बाजार. खिलार बैलांचे सौदे पहाटेपासून सुरू असतात आणि दहानंतर तीच गर्दी दवाखान्यांतून आमच्याकडे वळते. एका तरुण बापाला लेकरासाठी तापाचं औषध हवं होतं. मागच्या वेळचं घरात आहे, तेच पुन्हा द्या म्हणाला. "किती देणार?" विचारलं, तर म्हणाला, "चमचाभर."

मागच्या वेळी नेलेले थेंब होते. पॅरासिटामॉलच्या थेंबांत एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम औषध असतं. साध्या सिरपच्या ५ मिलिलिटरमध्ये १२५. थेंबांचं औषध चमचाभर पाजलं तर ५०० मिलिग्रॅम पोटात जातं, मोठ्या माणसाच्या एका गोळीइतकं. लेकरू आठ किलोचं. नशिबानं अजून पाजलं नव्हतं. बाटलीबरोबरच्या ड्रॉपरवर डॉक्टरांनी लिहिलेल्या मापाशी पेनानं रेघ मारून दिली. मागे दहा जण खोळंबले होते, एकजण बडबडत होता. बडबडू दे.

१२:४०

सत्तरीच्या आजी आणि त्यांची सून. चिठ्ठीवर मेथोट्रेक्झेट, साडेसात मिलिग्रॅम, पुढे १-०-० लिहिलेलं. म्हणजे रोज सकाळी एक. खाली फॉलिक ॲसिड, त्याच्यापुढेही तसंच.

संधिवातासाठी मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदाच घेतात. रोज घेतलं तर रक्तातल्या पेशी झपाट्यानं उतरतात, तोंडात-आतड्यात व्रण पडतात, माणूस दगावूही शकतो. जगभर अशा चुका झालेल्या आहेत आणि बहुतेक वेळा मूळ कारण इतकंच, आठवड्याची गोळी रोजची झाली.

"आजी, तोंड आलंय का? जेवताना झोंबतं?"

"न्हाई गं बाई. मागची गोळी आठवड्याला एकच घेत हुते. आता रोज घ्या म्हनून लिवलंय म्हनं."

सून म्हणाली, "ताई, डॉक्टरनंच लिहिलंय ना? द्या की. आमची एसटी सुटंल."

तिचं खोटं नव्हतं. मात्र चिठ्ठीत खाडाखोड करायचा अधिकार मला नाही. मनानं 'आठवड्यातून एक' लिहून देणं, तेही माझं काम नाही. माझं काम विचारायचं. डॉक्टरांचा फोन दोनदा वाजून बंद झाला. आजींना आत स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. सून बाहेर जाऊन उभी राहिली. एक एसटी गेली. शेजारच्या मेडिकलमध्ये त्यांना पाच मिनिटांत गोळ्या मिळाल्या असत्या, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

सव्वा वाजता डॉक्टरांचाच फोन आला. मी चिठ्ठी जशीच्या तशी वाचून दाखवली. पलीकडे काही क्षण शांतता, मग म्हणाले, "आठवड्यातून एकदाच. नवीन चिठ्ठी करून माणूस पाठवतो. बरं झालं विचारलंत." त्यांच्यावर माझा राग नाही, रविवारी त्यांच्या दारात माणसं दाटलेली असतात.

नवी चिठ्ठी आल्यावर चारच गोळ्या कापून दिल्या, एका महिन्याच्या. वार कुठला ठेवायचा, हे आजींनीच ठरवलं. "बाजाराच्या दिशी घेते की. बाजार काय इसरत न्हाई मी." पाकिटावर मोठ्या अक्षरात 'फक्त रविवार' लिहिलं. आजींना वाचता येत नाही, म्हणून खाली बैल काढला. बैल काही नीट जमला नाही, पण आजींनी ओळखला.

३:३०

बाजार ओसरला. डबा खाऊन एच-१ यादीतल्या औषधांची वही काढली. २०१४पासून काही ॲन्टिबायोटिक्स, टीबीची आणि सवय लावणारी काही औषधं या यादीत आहेत. लिहून देणारे डॉक्टर, रुग्ण, औषध, किती दिलं, सगळं लिहायचं आणि वही तीन वर्षं जपायची. कंटाळवाणं काम आहे. मी ते शेवटच्या ओळीपर्यंत करते, कारण अर्धवट वही म्हणजे खोटी वही.

७:१०

ओळखीचे एक काका आले, चिठ्ठीशिवाय. ॲन्टिबायोटिकच्या "दोनच गोळ्या" हव्या होत्या, घसा दुखतो म्हणून. नाही म्हटलं, डॉक्टरांकडे जा म्हटलं. "इतक्या वर्षांची ओळख," असं म्हणून गेले. वाईट वाटलं. गेल्या दिवाळीत त्यांच्या घरून फराळ आला होता.

९:३०

उद्या येणारं इन्सुलिन मधल्या कप्प्यात, बर्फाच्या कप्प्यापासून दूर, अशी चिठ्ठी फ्रीजच्या दारावर चिकटवली. सहा बाटल्या 'विक्रीसाठी नाही' लिहून वेगळ्या खोक्यात ठेवल्या. मग डायरीत चौथ्या रविवारच्या पानावर लिहिलं: आजी, बैलवालं पाकीट. तोंड आलंय का, विचारणे. रक्त तपासलं का, विचारणे.