तांबडे, पांढरे, निळे

जुन्या इंग्रजी आरमारी लढायांची चित्रे पाहताना एक गोष्ट मला बरेच दिवस खटकत असे. आरमार एकच, पण एका चित्रात जहाजाच्या वरामावर तांबडे निशाण, दुसऱ्यात निळे, तिसऱ्यात पांढरे. चित्रकाराचा निष्काळजीपणा म्हणावा, तर ही मंडळी डोलकाठीचा दोर न् दोर मोजून काढणारी. तेव्हा या रंगांना काही अर्थ असला पाहिजे असे धरून मी शोध सुरू केला.

सतराव्या शतकात इंग्रजांचा ताफा एवढा वाढला की एका सेनापतीने साऱ्या जहाजांना खुणा करून हुकूम देणे अशक्य झाले. म्हणून त्याच्या तीन तुकड्या पाडल्या. तांबडी मध्यभागी, पांढरी आघाडीला, निळी पिछाडीला. १६५३ पासून मानाचा क्रमही हाच ठरला. प्रत्येक तुकडीत ॲडमिरल, व्हाइस ॲडमिरल आणि रिअर ॲडमिरल असे तीन अधिकारी. जहाजाने आपल्या तुकडीच्या रंगाचे निशाण लावायचे, वरच्या कोपऱ्यात राष्ट्रचिन्ह आणि बाकी कापड रंगाचे. पांढऱ्याची फ्रेंचांच्या पांढऱ्या निशाणाशी गल्लत होऊ लागली, तेव्हा अठराव्या शतकाच्या आरंभी त्यावर सेंट जॉर्जचा तांबडा क्रूस आला.

खरी गंमत पुढे आहे. आरमार जगभर विखुरले, तिन्ही तुकड्या एकत्र लढण्याचा प्रसंग दुर्मिळ झाला, पण रंग गेले नाहीत. ते बढतीच्या पायऱ्या बनले. निळ्याचा रिअर ॲडमिरल पांढऱ्याचा होई, मग तांबड्याचा. तिथून निळ्याचा व्हाइस ॲडमिरल, आणि असेच वर. ही चढण पराक्रमावर नव्हती, ज्येष्ठतेवर होती. एखाद्या हुशार कॅप्टनला ॲडमिरल करायचे, तर यादीत त्याच्या वर असलेल्या प्रत्येकाला आधी वर न्यावे लागे. यावर १७४७ मध्ये तोड निघाली : नको असलेल्या म्हाताऱ्या कॅप्टनांना रिअर ॲडमिरलचा हुद्दा द्यायचा, पण तुकडी द्यायची नाही. पिवळी तुकडी अस्तित्वातच नव्हती, म्हणून अशा माणसाला खलाशी ‘पिवळा ॲडमिरल’ म्हणत. सरकारी कचेरीत हयात घालवलेल्या वाचकाला हे अधिक समजावून सांगायला नको.

नेल्सनही याच शिडीवरून चढला. १७९८ च्या नाईलच्या लढाईत तो निळ्याचा रिअर ॲडमिरल होता. २१ ऑक्टोबर १८०५ रोजी ट्रफाल्गारला पांढऱ्याचा व्हाइस ॲडमिरल. त्याच्या हाताखालचा कॉलिंगवुड मात्र निळ्याचा. नियमाने पाहता एकाच ताफ्यात दोन रंग फडकले असते, आणि तोफांच्या धुरात आपला कोण, परका कोण हे कळणे कठीण झाले असते. म्हणून नेल्सनने सगळ्यांना पांढरेच निशाण लावायला सांगितले. माझ्या मते तीन रंगांची व्यवस्था निरुपयोगी झाल्याची कबुली त्या हुकुमातच होती. तरी ती आणखी जवळजवळ साठ वर्षे टिकली.

व्यापारी जहाजांना १६७४ च्या राजाज्ञेने तांबडे निशाण मिळालेले होते. त्यामुळे तांबडे निशाण दिसले की जहाज युद्धाचे की मालाचे, हाही घोळ होई. (आपल्या किनाऱ्यावर आंग्र्यांशी झुंजणारी कंपनीची जहाजे या हिशेबाबाहेरची, त्यांचे निशाण तांबड्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांचे.) अखेर जुलै १८६४ मध्ये तुकड्या मोडल्या आणि रंग वाटून दिले : पांढरा आरमाराला, तांबडा व्यापारी जहाजांना, निळा राखीव दलाला व सरकारी कामाच्या जहाजांना.

हिंदुस्थानच्या वाट्याला त्यामुळे आधी निळा आला. रॉयल इंडियन मरीन ‘स्टार ऑफ इंडिया’ असलेले निळे निशाण लावी. पांढऱ्याचा मान तिला १९२८ मध्ये मिळाला. तोही फार काळ मानाचा राहिला नाही. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत ‘तलवार’वर नाविकांचा उठाव झाला, तो बंदरातल्या जहाजांवर पसरला, आणि नाविकांनी ब्रिटिश निशाणे उतरवून काँग्रेस, मुस्लिम लीग व कम्युनिस्ट पक्षाचे झेंडे चढवले. ज्या कापडाला सलाम केल्यावाचून डेकवर पाऊल टाकता येत नव्हते ते खाली ओढताना त्या पोरांना काय वाटले असेल, याचा विचार मी पुष्कळदा करतो. उतरवणाऱ्याला शिक्षा होणार हे उघड होते.

१९५० मध्ये आपल्या नौदलाने कोपऱ्यात तिरंगा आणला, पण क्रूस तसाच ठेवला. २००१ मध्ये तो काढला, २००४ मध्ये परत घेतला, आणि २ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी निळी मुद्रा त्याच्या जागी आली. तेव्हा गुलामीची शेवटची खूण गेली असे पुष्कळ लिहिले गेले. क्रूस गेला हे खरेच. पण मुंबई बंदरात उभे राहून पाहावे : नौदलाचे निशाण पांढरे, तटरक्षक दलाचे निळे आणि भारतीय मालवाहू जहाजाचे तांबडे, तिन्हींच्या कोपऱ्यात तिरंगा. ही वाटणी १८६४ ची आहे.